परदेश प्रवासात मोबाइल इंटरनेट : खर्च आवाक्यात कसा ठेवाल?

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. ‘बँकॉकला सहा दिवस जातोय, रोमिंग पॅक घेऊ की तिथले सिम?’ ‘मुलीकडे अमेरिकेत पाच महिने राहणार आहोत, इथला नंबर बंद तर पडणार नाही ना?’ ‘सिम बदलले तर बँकेचा ओटीपी कुठे येईल? व्हॉट्सॲप जाईल का?’ प्रश्न निरनिराळे असले तरी त्यांच्या मुळाशी गोंधळ एकच असतो. आपला नंबर चालू ठेवणे हे एक काम आणि नेट वापरणे हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच सिमवर टाकली की पैसे जास्त जातात.

म्हणून एक सूत्र आधीच सांगून ठेवतो : भारतीय सिम ओटीपीसाठी, दुसरे सिम नेटसाठी. याला अपवाद आहेत, तेही पुढे येतील. पण बहुतेक प्रवाशांचा बहुतेक खर्च या एका सूत्राने आटोक्यात येतो.

पॅक शोधण्याआधी चार प्रश्न

कंपनीच्या ॲपमध्ये शिरून पॅकच्या किमती चाळण्याआधी कागदावर चार उत्तरे लिहून काढा.

- किती दिवस? तीन-चार दिवसांच्या कामाला, आठ-दहा दिवसांच्या सहलीला आणि पाच महिन्यांच्या मुक्कामाला एकच पर्याय परवडत नाही.
- किती देश? एकाच देशात राहणार असाल तर तिथले सिम सोयीचे. पाच देशांची युरोप सहल असेल तर सगळे देश सामावणारा पॅक हवा. विमान बदलण्यासाठी जिथे उतरणार, तो देशही यादीत लिहा.
- भारतातून येणारे फोन घ्यायचेच आहेत का? दवाखाना, दुकान किंवा कचेरी मागे ठेवून निघालेल्यांना नेहमीच्या नंबरवर फोन यावेच लागतात. इतरांचे व्हॉट्सॲप कॉलवर भागते.
- किती जण, आणि दिवसभर एकत्र की वेगवेगळे? चौघे सतत बरोबर असतील तर चार पॅक लागत नाहीत.

नेट किती लागेल?

घरी रोज दीड-दोन जीबी नेट संपते, म्हणून परदेशातही तेवढेच लागेल असे धरू नका. घरचा बराचसा डेटा व्हिडिओंवर खर्च होतो. प्रवासात पाहायला समोर बरेच काही असते आणि हॉटेलात बहुधा वायफाय मिळते. ढोबळ अंदाज असा :

- मजकुराचे संदेश आणि ईमेल : नगण्य.
- नकाशा लावून रस्ता शोधणे : तासाला काही एमबी.
- व्हॉट्सॲपचा साधा कॉल : मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी.
- व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल : मिनिटाला साधारण पाच एमबी, म्हणजे तासाला तीनशेच्या आसपास.
- रील्स आणि उच्च दर्जाचे व्हिडिओ : तासाला एक जीबी किंवा त्याहून जास्त.

व्हिडिओ पाहणे आणि फोटोंचा बॅकअप हॉटेलच्या वायफायवर ठेवलात तर माणशी रोज अर्धा ते एक जीबी पुरेसा होतो. आपला नेमका आकडा हवा असेल तर निघण्याआधी फोनच्या सेटिंग्जमधील ‘डेटा वापर’ उघडा. कोणते ॲप किती खाते, हे तिथे क्रमाने दिसते.

पर्याय पहिला : आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक

जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल या भारतीय कंपन्या आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा देतात. सिम बदलावे लागत नाही, नंबर तोच राहतो आणि विमानतळावर रांग लावावी लागत नाही. दोन-चार दिवसांचा कामाचा प्रवास असेल, नेहमीच्या नंबरवर फोन घ्यायचेच असतील किंवा घरातील ज्येष्ठांना सेटिंगची कटकट नको असेल, तर हाच पर्याय घ्या. थोडे जास्त पैसे गेले तरी मनस्ताप वाचतो.

पॅक घेण्याआधी मात्र हे विचारा :

- माझे सगळे देश या पॅकमध्ये आहेत का? ‘युरोप’ म्हटले म्हणजे स्वित्झर्लंड आणि ब्रिटन आले, असे गृहीत धरू नका. नावे वाचा.
- त्या देशातील कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर पॅक चालतो? भागीदार कंपनी सोडून फोन दुसरीकडे जोडला गेला तर पॅक लागू न होण्याची शक्यता असते.
- दिवस कसा मोजतात? सुरू केल्यापासून २४ तास, की तारीख बदलली की नवा दिवस?
- ‘अमर्याद’ डेटा म्हणजे काय? ठरावीक जीबीनंतर वेग इतका उतरतो की नकाशाही उघडत नाही, असे बऱ्याच पॅकमध्ये असते. तो आकडा अटींमध्ये दिलेला असतो.
- पोस्टपेड असल्यास छापील किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का?

प्रीपेड आणि पोस्टपेडमधील फरक येथे कळीचा आहे. प्रीपेडमध्ये नुकसान झाले तर खात्यातील शिलकीपुरते होते. पोस्टपेडमध्ये मीटर चालू राहतो आणि आकडा महिनाअखेरीस कळतो. समजा, पॅक नसताना दर एमबीमागे ५०० रुपये असा आहे. कोणी पाठवलेला तीन एमबीचा एक फोटो फोनने आपणहून उतरवून घेतला, तर दीड हजार रुपये गेले. पोस्टपेड ग्राहकांनी निघण्याआधी क्रेडिट लिमिट किती आहे ते विचारून घ्यावे आणि जास्त असल्यास कमी करून मागावे.

पर्याय दुसरा : तिथे उतरून घेतलेले सिम

आठवडाभर किंवा अधिक काळ एकाच देशात राहणार असाल, तर जीबीमागे स्वस्त पडण्याची शक्यता याच पर्यायात जास्त. थायलंडमध्ये एआयएस आणि ट्रू, सिंगापूरमध्ये सिंगटेल, स्टारहब आणि एमवन, श्रीलंकेत डायलॉग आणि मोबिटेल, व्हिएतनाममध्ये व्हिएटेल, तर नेपाळमध्ये नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल या तिथल्या ओळखीच्या कंपन्या. पर्यटकांसाठी त्यांचे ठरावीक दिवसांचे वेगळे पॅक असतात.

खरेदी करताना :

- पासपोर्ट जवळ ठेवा. बऱ्याच देशांत त्याची नोंद केल्याशिवाय सिम मिळत नाही. नोंद तुमच्याच पासपोर्टवर झाली आहे, हे पाहा. दुसऱ्याच्या नावावर आधीच सुरू करून ठेवलेले सिम स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.
- विमानतळावरचा काउंटर बहुधा शहरातील दुकानापेक्षा महाग असतो. पण रात्री अकराला उतरून हॉटेल शोधायचे असेल, तर तो फरक सोसलेला बरा.
- काउंटर सोडण्याआधी विक्रेत्यासमोरच नेट चालवून पाहा. विमानतळाचे वायफाय बंद करा, मगच नकाशा उघडा. नाहीतर वायफायवर चाललेले नेट सिमचे समजून निघाल.
- पॅक कधी संपतो, हे पावतीवर लिहून घ्या. पॅक आपोआप नव्याने सुरू होणार असेल तर तो तिथेच बंद करायला सांगा.
- भारतीय सिम काढावे लागले तर ते खिशात सुटे ठेवू नका. पासपोर्टच्या कव्हरच्या आत सेलोटेपने चिकटवून टाका. सिमचा ट्रे उघडायची पिन घरूनच न्या.

पर्याय तिसरा : ई-सिम

ई-सिममध्ये कार्ड नसते. क्यूआर कोड स्कॅन केला की दुसरी लाइन फोनमध्ये बसते आणि भारतीय सिम जागेवरच राहते. त्यामुळे वरचे सूत्र पाळायला सर्वांत सोपा मार्ग हाच.

तुमच्या फोनमध्ये ही सोय आहे का? डायल पॅडवर *#०६# दाबा (आकडे नेहमीप्रमाणेच दाबायचे). आयएमईआयबरोबर ‘ईआयडी’ असा लांबलचक क्रमांक दिसला, तर ई-सिम चालते. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलपासून ही सोय आहे. मात्र चीनमध्ये विकलेल्या बहुतेक आयफोनमध्ये ती नसते.

फोन लॉक तर नाही ना? भारतात विकत घेतलेले फोन सहसा मोकळे असतात. अडचण येते ती अमेरिकेतून मुलाने किंवा भाच्याने पाठवलेल्या फोनची. हप्त्यांवर घेतलेला असा फोन तिथल्या कंपनीला बांधलेला असू शकतो आणि मग दुसरे कोणतेही सिम तो स्वीकारत नाही. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ उघडा. ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले असेल तर चिंता नाही.

ई-सिम घेताना :

- घरच्या वायफायवरच बसवून ठेवा. क्यूआर कोड ज्या फोनवर आला त्याच फोनने तो स्कॅन करताना पंचाईत होते. म्हणून तो दुसऱ्या फोनवर पाठवा किंवा छापून घ्या.
- मुदत कधी सुरू होते ते वाचा. काही पॅक तिथे पोहोचून नेटवर्कला जोडल्यावर सुरू होतात, काही बसवल्याक्षणी.
- नेट चालेना म्हणून वैतागून ई-सिम फोनमधून पुसू नका. बहुतेक कोड एकदाच चालतात. पुसले की पैसे गेले.
- परदेशी कंपन्यांची सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी लागते. परवानगीअभावी काही परदेशी विक्रेत्यांची ॲप २०२४ च्या सुरुवातीला भारतात बंद करण्यात आली. तेव्हा समाजमाध्यमावर दिसलेल्या अनोळखी विक्रेत्याला पासपोर्टचा फोटो पाठवू नका.
- अनेक प्रवासी ई-सिमवर फक्त डेटा असतो, फोन नंबर नसतो. तिथल्या टॅक्सीवाल्याला साधा फोन लावायचा असेल तर आधी अटी पाहा.

पर्याय चौथा : वायफाय आणि एकमेकांत वाटून घेतलेले नेट

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्या ज्येष्ठ जोडप्याला सकाळ-संध्याकाळ घरी बोलण्यापुरतेच नेट हवे असते. हॉटेलचे वायफाय त्यांना पुरते. तरीही दोघांपैकी एकाच्या फोनवर लहानसा पॅक असू द्या. बस चुकली किंवा गटापासून मागे राहिलात, तर टूर मॅनेजरशी संपर्क साधता आला पाहिजे.

कुटुंब एकत्र फिरणार असेल तर दोघांनी नेट घ्यावे आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट द्यावा. हिशेब करून पाहा. समजा, चौघांसाठी प्रत्येकी १,५०० रुपयांचा पोस्टपेड रोमिंग पॅक घेतला. झाले ६,००० आणि वर जीएसटीचे १,०८०, म्हणजे ७,०८० रुपये. त्याऐवजी ७०० रुपयांची दोन ई-सिम घेतली, तर १,४०० रुपयांत काम होते. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या सहलीचे खरे दर त्यांच्या जागी घाला आणि एकूण खर्चाला माणसांनी व दिवसांनी भागा. कोणता पर्याय स्वस्त, ते लगेच कळेल.

दोन गोष्टी मात्र पाहून ठेवा. काही ‘अमर्याद’ पॅकमध्ये हॉटस्पॉट चालत नाही. शिवाय हॉटस्पॉटने बॅटरी लवकर उतरते. पॉवर बँक नेणार असाल तर ती हातातील सामानातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. जपानसारख्या देशांत विमानतळावर पॉकेट वायफायचे यंत्र भाड्याने मिळते. तेही गटाला परवडते.

सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार करू नका. तेवढ्यापुरते मोबाइल डेटावर या.

दोन सिमची मांडणी : इथेच बहुतेकांचे चुकते

फोनमध्ये भारतीय सिम आणि प्रवासी ई-सिम अशी दोन सिम आहेत असे धरा. उतरल्यावर सेटिंग्जमध्ये पाच ठिकाणी पाहायचे :

1. मोबाइल डेटा कोणत्या सिमवर? प्रवासी ई-सिमवर.
2. भारतीय सिम : लाइन चालू, डेटा रोमिंग बंद.
3. प्रवासी ई-सिम : लाइन चालू, डेटा रोमिंग चालू.
4. डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय : बंद. आयफोनमध्ये तिचे नाव ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’ असे आहे. अँड्रॉइडवर शब्द थोडे वेगळे असतात.
5. वायफाय असिस्ट : बंद. हॉटेलचे वायफाय मंदावले की ही सोय गुपचूप मोबाइल डेटा वापरू लागते.

तिसरा मुद्दा वाचून अनेक जण थबकतात. ‘रोमिंग बंद ठेवा’ असे सगळीकडे वाचलेले असते, मग इथे चालू कसे? प्रवासी ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातील कंपनीचे असते आणि तुमच्या मुक्कामाच्या देशात ते स्वतःच पाहुणे असते. त्याचे रोमिंग बंद ठेवले तर नेट सुरूच होत नाही. त्याचे पैसे आधीच भरलेले आहेत, त्यामुळे चालू ठेवायला भिऊ नका. घाबरायचे ते भारतीय सिमच्या डेटा रोमिंगला.

चौथा मुद्दाही हलका घेऊ नका. ई-सिमची रेंज बोगद्यात गेली की फोन मदतीला धावतो आणि डेटा भारतीय सिमवर नेऊ पाहतो. तिथले डेटा रोमिंग बंद असेल तर काही बिघडत नाही, पण दोन्ही कड्या लावलेल्या बऱ्या.

ओटीपी, व्हॉट्सॲप, यूपीआय

- ओटीपी : परदेशात येणाऱ्या एसएमएसला भारतीय कंपन्या साधारणपणे पैसे लावत नाहीत. पण त्यासाठी तुमच्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू असावी लागते आणि काही योजनांत किमान रिचार्ज लागतो. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी ग्राहक सेवेला एकच प्रश्न विचारा : ‘मी पॅक न घेता अमुक देशात गेलो, तर माझ्या या प्लॅनवर एसएमएस येतील का?’ उत्तर शक्यतो चॅटवर घ्या, म्हणजे पुरावा राहतो.
- येणारा फोन : पॅक नसताना उचललात तर पैसे लागतात. फोन वाजू द्या आणि व्हॉट्सॲपवर परत लावा. कॉल दुसरीकडे वळवण्याची सोय मात्र निघण्याआधी बंद करा. परदेशात असताना न उचललेला कॉल वळवला गेला, तर त्याचेही शुल्क पडू शकते.
- व्हॉट्सॲप : नवे सिम घातल्यावर ‘नंबर बदलायचा का?’ असे विचारले तर नको म्हणा. जुन्याच नंबरवर ते चालते. मेसेजिंग ॲप नोंदणीच्या सिमशी कायम जोडलेली असावीत, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲप कंपन्यांना दिला आहे. हे लक्षात घेता भारतीय सिम फोनमधून बाहेर न काढणे श्रेयस्कर. ई-सिमकडे कल ठेवण्याचे हे आणखी एक कारण.
- यूपीआय : नोंदणी करताना ॲप तुमच्या भारतीय सिमवरून एक एसएमएस पाठवते. परदेशात ॲप काढून पुन्हा टाकले किंवा फोन बदलला, तर हा एसएमएस अडकतो आणि गेला तरी महाग पडतो. बँकेची आणि यूपीआयची ॲप निघण्याआधी अद्ययावत करा, तिथे गेल्यावर हात लावू नका. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान आणि फ्रान्स येथे काही ठिकाणी यूपीआय चालते. त्यासाठीची ‘यूपीआय इंटरनॅशनल’ ही सोय ॲपमध्ये आधी सुरू करावी लागते.

देश पाहून निर्णय बदला

- युरोप : युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात वेगळे रोमिंग शुल्क न लावता चालते. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हे देशही त्यात येतात. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक युरोप सहलींत मात्र स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊ किंवा टिटलिस असतेच. पॅरिसला घेतलेले सिम तिथे चालेल का, हे खरेदी करतानाच विचारा.
- दुबई आणि संयुक्त अरब अमिराती : व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण स्थानिक नेटवर बोलता येत नाही, व्हॉट्सॲप कॉल तिथे रोखलेले आहेत. घरच्यांशी बोलण्यासाठी परवाना असलेले बोटिमसारखे ॲप लागते आणि ते घरच्यांच्या फोनवरही हवे. निघण्याआधीच टाकून एकदा बोलून पाहा.
- चीन : हा आपल्या सूत्राचा ठळक अपवाद. तिथल्या सिमवर गूगल, व्हॉट्सॲप, फेसबुक उघडत नाही. रोमिंगचा डेटा मात्र सहसा मूळ कंपनीच्या देशातून फिरून येतो, त्यामुळे भारतीय रोमिंग पॅकवर किंवा चीनबाहेरच्या कंपनीच्या ई-सिमवर ही ॲप चालतात. येथे रोमिंगच घ्या.
- जपान : पर्यटकांना मिळणारी सिम बहुतेक फक्त डेटाची असतात.
- अमेरिका : मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केले. त्यामुळे फोनवर बोलण्यासाठी तुमचा हँडसेट तिथल्या ४जी कॉलिंगशी जुळावा लागतो. काही कंपन्या आयएमईआय तपासूनच फोन स्वीकारतात. मुले तिथे असतील तर त्यांना आयएमईआय पाठवा आणि सिम घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून घ्यायला सांगा.

मुलांकडे चार-सहा महिने राहणार असाल

इतक्या मुक्कामाला रोमिंग पॅक परवडत नाही. मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवणे किंवा तिथले प्रीपेड सिम घेणे, हे दोन सरळ मार्ग. काळजी घ्यायची ती इकडच्या नंबरची. बँक, आधार, पेन्शन, डीमॅट, विमा सगळे त्याच नंबराला बांधलेले असते. तो बंद पडून दुसऱ्या कोणाला दिला गेला, तर निस्तरायला महिने जातात.

- प्रीपेड नंबर वापर नसल्याच्या कारणावरून ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही, असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नियम आहे. त्यानंतरही खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून मुदत वाढवण्याची तरतूद आहे. तरीही सहा महिने या भरवशावर राहू नका.
- निघण्याआधी लांब मुदतीचा रिचार्ज करा. नेट नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवा, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना दिला आणि अशा पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. दुकानदार सहसा डेटाचाच पॅक पुढे करतो. तुम्ही नाव घेऊन मागा.
- सिम फोनमध्ये ठेवा आणि लाइन चालू राहू द्या. पेटीत ठेवलेल्या सिमवर ओटीपी येत नाही.

फोनला डेटाचा आहार ठरवून द्या

1. व्हॉट्सॲपमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडून फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करा. सुप्रभातचे संदेश परदेशातही येतातच. त्याच जागी कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू करा.
2. गूगल फोटोजचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा.
3. ॲपचे अपडेटही फक्त वायफायवर.
4. गूगल नकाशात त्या शहराचा भाग ‘ऑफलाइन मॅप्स’मध्ये उतरवून घ्या. मोटारीचा रस्ता त्यावर दिसतो. पायी जाण्याचा मार्ग आणि बस-रेल्वेची माहिती यांना मात्र नेट लागते.
5. गूगल ट्रान्सलेटमध्ये त्या देशाची भाषा आणि इंग्रजी दोन्ही उतरवा. थाई किंवा जपानी मेनूकार्डावर कॅमेरा धरून ‘यात मांस आहे का’ हे पाहायला उपयोग होतो. शाकाहारी मंडळींनी हे जरूर करावे.
6. तिकिटे, विमा, हॉटेलचा पत्ता आणि व्हिसा यांच्या प्रती फोनमध्ये साठवा. विमानतळावर ईमेल उघडत बसायची वेळ येऊ नये.
7. फोनचा ‘लो डेटा मोड’ किंवा ‘डेटा सेव्हर’ सुरू करा.

पैसे हमखास जातात अशा जागा

- मधला थांबा. दोहा किंवा दुबईला तीन तास विमान बदलायला थांबलात आणि फ्लाइट मोड काढला, तर पॅक तिथेच सुरू होऊन एक दिवस खर्ची पडू शकतो. पॅकमध्ये तो देश नसेल तर आणखी वाईट. फ्लाइट मोड तसाच ठेवून फक्त वायफाय लावा.
- क्रूझ. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो. नेहमीचे रोमिंग पॅक बहुधा तिथे लागू नसतात आणि दर अवाच्या सवा असतात. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझलाही हे लागू आहे. समुद्रावर फ्लाइट मोड, हे ठरवूनच टाका.
- विमानातील नेटवर्क. काही विमानांत आकाशातही मोबाइलची रेंज येते. तिचे दर वेगळे असतात.
- सीमेलगतची गावे. जिनिव्हा किंवा बासेलजवळ फ्रान्समध्ये उभे असतानाही फोन स्विस टॉवर पकडतो. अशा भागात सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क स्वतः निवडा.
- पॅक संपल्यावरचा वापर. डेटा संपला की नेट थांबते, की चढ्या दराने पुढे चालते? हे लेखी विचारा.

बिल भरमसाट आले तर तुमचे हक्क

परत आल्यावर पहिले बिल बारकाईने पाहा. पॅकची नावे, तारखा, देश आणि डेटाची नोंद जुळते का ते तपासा. घोळ दिसला तर या क्रमाने जा :

1. कंपनीच्या तक्रार केंद्राला १९८ वर फोन करा. हा फोन निःशुल्क आहे. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्या. त्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही.
2. पुरावे जमवा. पॅक घेतल्याचा एसएमएस, उतरल्यावर आलेला दरांचा संदेश, ग्राहक सेवेशी झालेले चॅट, डेटा रोमिंग बंद असल्याचा स्क्रीनशॉट. हा स्क्रीनशॉट विमानात बसण्याआधीच काढून ठेवावा.
3. अपील करा. तक्रारीचे उत्तर पटले नाही किंवा मुदतीत आलेच नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, म्हणून तिकडे अर्ज करून वेळ घालवू नका.
4. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. बरीच प्रकरणे इथेच मिटतात.
5. जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

वादातली रक्कम सोडून उरलेले बिल वेळेत भरा आणि तसे ईमेलने कळवा. सगळेच बिल थकवले तर नंबर बंद होण्याची भीती असते आणि वाद बाजूला राहतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी

- भारतीय सिमवर रोमिंग सेवा सुरू, डेटा रोमिंग बंद. स्क्रीनशॉट काढला.
- रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आहे.
- ई-सिम बसवले, किंवा तिथे कुठल्या काउंटरवर सिम घ्यायचे ते ठरले.
- नकाशा, भाषा आणि कागदपत्रे फोनमध्ये उतरवली.
- व्हॉट्सॲप आणि फोटो बॅकअपची सेटिंग्ज बदलली.
- घरच्यांना सांगितले : साधा फोन करू नका, व्हॉट्सॲपवर लावा. दुबईला जात असाल तर कोणते ॲप वापरायचे तेही.

आणि परतल्यावर भारतीय सिमवरची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा बंद करा, प्रवासी ई-सिम पुसून टाका आणि कार्डावर कुठला पॅक आपोआप पुढे चालू राहिलेला नाही, एवढे तपासा.